सामानापाशी

गाडीची किल्ली घामाने निसरडी झाली होती. काळं प्लॅस्टिकचं डोकं, त्याला अडकवलेला रबरी मासा, माशाचा एक डोळा झिजून गेलेला. मूठ आवळली की त्याचं शेपूट करंगळीखालून बाहेर यायचं, सैल केली की पुन्हा आत… हे आपण कधीपासून करतोय ते तिलाही सांगता आलं नसतं. गाडी चालवता येत नाही, दार उघडायचं झालं तरी कुठलं बटण दाबायचं ते ठाऊक नाही, पण किल्ली हिच्या मुठीत. ‘आईकडे दे.’ गाडीतून उतरल्यावर या माणसांच्या तोंडून निघणारं पहिलं वाक्य तेच, पाणी नजरेला पडायच्या आधी, पाय धड वाळूला लागायच्या आधी — आईकडे दे. चष्मा आईकडे, दोन फोन आईकडे, सूनबाईचं घड्याळ आईकडे, नात भिंगरीची एक चप्पल आईकडे आणि दुसरी देव जाणे कुठे. सतरंजीच्या चार कोपऱ्यांवर चार पिशव्या ठेवल्या होत्या आणि मधोमध पाचवी… नाक-डोळे असलेली.

समोर तळं. म्हणजे यांनी तळं म्हटलं म्हणून तळं. दोरीत लाल-पांढरे गोळे ओवून पाण्याचा एक तुकडा गोठ्यासारखा वेगळा काढलेला, आणि त्यात माणसं उभी. पोहत कुणी नाही, नुसती उभी, कमरेइतक्या पाण्यात कोपरं वर धरून, जणू पाण्याला हात लागला तर दंड भरावा लागेल. उंच खुर्चीवर शिट्टीवाला, मागे शॉवर, त्यामागे पार्किंग. वाळूसुद्धा इथली नव्हे, ट्रकने आणून ओतलेली. बसल्या बसल्या तिने मूठभर उचलून चोळून पाहिली होती — बांधकामाची. आणि काठाने बघावं तिकडे छत्र्या, छत्रीखाली सतरंजी, सतरंजीवर एक म्हातारी. प्रत्येक घराने आपापली आणलेली. वारा सुटला तर सतरंजी उडू नये म्हणून.

वारा मात्र सुटत नव्हता. दुपारी सुटेल, छत्री जरा खाली घे, असं तिने सकाळी सुनेला बजावलं होतं, आणि आता दुपार कलायला आली तरी छत्रीची झालरसुद्धा हलत नव्हती. टॉवेल न्यायला आलेली सून ओल्या केसांतून पाणी निथळत तिच्यासमोर उभी राहिली.

‘आई, तुमचा वारा कुठे राहिला?’

‘येतोय. चप्पल शोधतोय भिंगरीची.’

सून हसली. हसताना हिच्या गालाला खळी पडते आणि त्यामुळे हिच्यावर पुरतं रागावता येत नाही, ही आणखी एक कटकट. जाता जाता ती थबकली. ‘एक विचारू? तुम्ही केव्हाच्या पाण्याकडे बघताय. भीती वाटणारं माणूस असं बघत नाही.’

‘मग कसं बघतं?’

‘माहीत नाही. पण असं नाही.’

‘टॉवेल घेतलास ना? जा मग, ऊन लागेल.’

गेली. फार शहाणी आहे. आपल्याला जे कळलं ते लगेच बोलून टाकायचं, ही आजकालची पद्धत… आमच्या वेळी कळलेलं गिळायची पद्धत होती, आणि गिळून गिळून पोट केवढं झालंय ते बघायला कुणाला वेळ आहे?

उन्हाळा लागल्यापासून घरात दुसरा विषय नव्हता. मुलगा जेवताना फोन ताटाला टेकवून ठेवायचा आणि वाचून दाखवायचा — सहलीसाठी सगळ्यात छान तळी, गोड्या पाण्याचे सगळ्यात छान बीच, एकेकाला तारे दिलेले. ‘हा बघ आई, साडेचार तारे.’ कुणी दिले? ‘लोकांनी.’ कुठल्या लोकांनी? ‘जाऊन आलेल्या लोकांनी, आई!’ पोहून आलेल्या की बसून आलेल्या, असं तिच्या जिभेच्या टोकावर आलं होतं, पण तिने त्यावर एक घास ठेवला. एक फोटो मात्र… गडद पाणी, काळ्याकडे झुकलेलं हिरवं, आणि त्यात आतपर्यंत शिरलेला सपाट खडक, जिभेसारखा. त्या खडकाच्या टोकाशी पाणी किती खोल असेल ते फोटोतसुद्धा तिच्या पोटाला कळलं. तिने बोट पुढे केलं तर बोट लागून फोटोच सरकला आणि दुसरा आला. ‘तो नको,’ मुलगा म्हणाला, ‘तिथे काठालाच एकदम खोल आहे, तुला नुसतं बघून चक्कर येईल. हा बघ — उथळ, दोरी लावलेली, वाळू मऊ. लोकांची एकच तक्रार आहे, सामान ठेवायला लॉकर नाहीत म्हणे. पण आपल्याला काय त्याचं, आपल्याकडे तू आहेस!’ आणि हसला. प्रेमाने हसला, हीच तर खोच आहे… वाकडं बोलला असता तर तिथल्या तिथे सोलून काढला असता त्याला. प्रेमाने बोलणाऱ्या माणसाचं काय करायचं?

आईला पाण्याची भीती वाटते. घरात हे सगळ्यांना माहीत. एखाद्याला शेंगदाणे सोसत नाहीत हे जसं नव्या माणसाला सांगून ठेवतात, तसं ते सुनेला लग्नाआधीच सांगण्यात आलं होतं. भिंगरीला तर बोलता यायच्या आधीपासून ठाऊक — आजी आणि पाणी, नाही नाही.

मला. पाण्याची. भीती.

माझा बाप तराफा चालवायचा. या काठाची माणसं त्या काठाला, त्यांची पोती, त्यांच्या सायकली, एकदा तर एक आख्खं कपाट. दुसरीतून शाळा सुटली माझी ती तराफ्यावर दुसरा बांबू धरायला कुणी नव्हतं म्हणून. दुपारी गिऱ्हाईक नसलं की बाप म्हणायचा, जा, बुडून ये. बुडून ये! कुणी पोरीला असं म्हणतं? आणि मी एका कडेने शिरून तराफ्याच्या खालून दुसऱ्या कडेला निघायची… मधे सगळा अंधार, डोक्यावर बापाच्या पावलांचा धप् धप् आवाज, नाकात शेवाळाचा गार वास, छाती फुटायला आली की समोर उजेडाची चीर दिसायची. अजून न्हाणीत दाराला कडी लावली की मी बादलीत तोंड बुडवते. किती वेळ श्वास धरता येतो ते बघते. येतो. चांगला येतो. आणि मला भीती.

‘भिंगरी, मान सैल सोड! सैल!’ दोरीच्या आत मुलगा ओरडत होता. त्याच्या दोन्ही हातांवर ती सात वर्षांची काटकुळी पोर लाकडासारखी ताठ झाली होती, हनुवटी छातीत रुतवलेली, पाय आखडलेले. ‘अगं, पाण्याला गादी समज. गादीवर पडलं की गादीशी कुणी भांडतं का? तुझे आजोबा म्हणायचे हे. आजोबांनी मला एका दिवसात शिकवलं होतं!’

मासा करंगळीखालून बाहेर आला आणि बाहेरच राहिला.

आजोबा म्हणायचे…

लग्नानंतरचा पहिला उन्हाळा, दीर आणि जावा आणि सगळं खटलं असंच एका तळ्यावर गेलेलं. दीर धडाधड पाण्यात उतरले. ‘दादा, ये की! कपडे भिजायला घाबरतोस की बायकोला?’ हे काठावर उभे, टाचा वाळूत रुतवून. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला कळलं, कारण तराफ्यावर तसली माणसं तिने रोज पाहिली होती. ओठांभोवती पांढरी रेघ उमटते, आणि नजर पाण्यावर ठरत नाही, सरळ पलीकडच्या काठावर जाऊन बसते. तशी रेघ, तशी नजर. मग हे मोठ्याने म्हणाले, ‘हिला भीती वाटते रे पाण्याची. हिच्यापाशी कुणीतरी थांबायला हवं.’ म्हणताना तिचं मनगट धरलं. बोटं गारठलेली. थोरली जाऊ डोळे मोठे करून म्हणाली, ‘अगंबाई, तराफेवाल्याची लेक ना तू?’ आणि तिने… मान खाली घालून, कुणी शिकवलेलं नसताना, वर आपली भर घातली — ‘लहानपणी पडले होते तराफ्यावरून. तेव्हापासून.’

गोड वाटलं होतं तेव्हा, खोटं कशाला बोला. एवढा दांडगा माणूस, खांद्यावर गादी टाकून तीन जिने चढणारा, आणि त्याची लाज माझ्या तोंडात, सुपारीसारखी. चघळायची, कुणाला दाखवायची नाही. वाटलं होतं, एका उन्हाळ्यापुरतं आहे.

मग मुलगा झाला, बोलायला लागला, बाबा पोहायला शिकवा म्हणून मागे लागला, आणि बाबांची पंचाईत झाली. गाद्यांचं दुकान होतं. कापूस पिंजायचा, खोळीत भरायचा, टाके घालायचे. पिंजण त्यांचं, टाके तिचे. दुपारी शटर अर्धं ओढून घ्यायचे, आणि आत तयार गाद्यांच्या थप्पीवर हा माणूस पालथा पडून हातपाय मारतोय, भुवयांवर कापूस, मिशीत कापूस, आणि ती हनुवटीखाली तळहात धरून — ‘गुडघे नको वाकवूस. मान सैल. अरे, भांडतोस काय असा? गादीवर पडलं की गादीशी कुणी भांडतं का?’ चारचौघांत ती त्यांना अहो म्हणायची. शटरच्या आत, थप्पीवर, अरे. शिकवणाऱ्याने अहो म्हणून कसं भागायचं? त्यांना ते आवडायचं. ‘गुरुजी,’ म्हणायचे, ‘नाकात पाणी गेलं.’ कापूस गेलेला असायचा. हसून हसून थप्पी कलायची.

पोहायला ते शेवटपर्यंत शिकले नाहीत. शिकवायला शिकले. कमरेइतक्या पाण्यात उभे राहून, हाताखाली पोर धरून, थप्पीवर ऐकलेलं जसंच्या तसं म्हणायचे, आणि ती काठावर सतरंजीवर बसून ऐकायची. एखादा शब्द चुकला तर खोकायची, आणि ते तो सुधारायचे. मुलगा माशासारखा निघाला. कुणाची पैदास, ते कुणाच्या डोक्यात आलं नाही.

इथपर्यंतसुद्धा ठीक होतं. पण माणसांना गोष्ट पुरी करायची खोड असते. बाबा कमरेच्या पुढे कधीच का गेले नाहीत? तर त्यांचा अर्धा जीव आईकडे असायचा, आई घाबरायची ना काठावर! हे मुलाने स्वतःच शोधून काढलं, आणि ते गेले तेव्हा घरात बसायला आलेल्या माणसांपुढे डोळे पुसत सांगितलं. ‘बायकोसाठी त्यांनी आयुष्यभर खोल पाणी सोडलं.’ सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. काय ती कीव, काय ते कौतुक… आणि ती पांढऱ्या भिंतीला टेकून बसलेली, घशात सुपारी. सोडलं! त्याने सोडलं!

आजारपणात वाट पाहिली होती तिने. शेवटचे दिवस धड शुद्धीत होता माणूस. मुलगा उशाशी, सून पायाशी, आता म्हणेल, वाटायचं. एवढंच म्हणायचं होतं, अरे, तुमची आई पोहते. तीन शब्द. तोंड उघडलं त्यांनी, तिच्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, ओठांभोवती ती रेघ… आणि म्हणाले, ‘मोठ्या कात्रीला धार लावून घ्या.’

कात्रीला धार.

‘राहू दे, राहू दे,’ मुलाचा आवाज जवळ आला. तो भिंगरीला दंडाला धरून बाहेर आणत होता, पोर अंग आक्रसून, ओठ घट्ट मिटून चालत होती. ‘जबरदस्ती नको. काहींना नसतंच ते. अगदी आईवर गेलीय.’ शेवटचं वाक्य सुनेकडे वळून, पण पाण्यावरून आवाज कसा सरळ येतो… ‘जा भिंगरे, आजीपाशी बस. दोघी मिळून सामान सांभाळा.’

पोर आली. टॉवेल अंगाभोवती घेतला, सतरंजीवर मांडी घालून बसली, बसल्यावर आजूबाजूच्या पिशव्यांकडे एकदा पाहून घेतलं, एक तिरकी झाली होती ती सरळ केली. आईचं घड्याळ उचलून मांडीत ठेवलं. तिला आवडत होतं ते. काहीतरी सोपवलं गेलं होतं तिच्यावर, आणि पाण्यात जावं लागणार नव्हतं.

‘आजी, आपण दोघी भित्र्या ना?’

‘कोण म्हणालं?’

‘बाबा. पण चालतं म्हणाले. कुणीतरी सामानापाशी लागतंच.’ तिने ओला, सुरकुतलेला तळहात पुढे केला. ‘किल्ली माझ्याकडे दे. तू दमली असशील. मी धरते.’

तो हात. एवढासा. बोटांच्या टोकांना पाण्याने पडलेल्या चुण्या. मूठ उघडेना. दे की, काय होतंय, लहान पोर हौसेने मागतेय… पण मूठ उघडत नव्हती, आणि तळपायापासून काहीतरी वर चढत होतं, इतकं जुनं की तिला आधी वाटलं ऊनच बाधलं. कुणाचा राग म्हणायचा हा? मुलाचा? तो बिचारा बापाचं ऐकून मोठा झाला. सुनेचा? तिला खळी आहे. तारे देणाऱ्या लोकांचा, ट्रकने वाळू ओतणाऱ्यांचा, जावांचा? मी पाण्यातली माझी जागा दिली, ती माझी होती म्हणून दिली. ही सामानापाशीची जागा वतन म्हणून पोरीच्या नावे लावायला मी काही लिहून दिलेलं नव्हतं. माझी लाज नव्हती ती. माझी भीतीही नव्हती. उसनी घेतलेली वस्तू, आणि आज ही पोर, माझ्या तराफेवाल्या बापाची पणती, ती माझ्याकडून हात पसरून मागतेय.

‘ऊठ,’ ती म्हणाली.

‘कुठे?’

‘ऊठ म्हटलं ना. ते घड्याळ ठेव खाली.’

‘पण सामान?’

‘खड्ड्यात गेलं सामान.’

भिंगरी फिसकन हसली, आजीच्या तोंडून असलं काही ऐकून. ती गुडघ्यावर हात दाबून उठली, एक गुडघा कुरकुरला, त्याला मनातल्या मनात एक शिवी दिली आणि पोरीचं बोट धरून चालायला लागली. वाळू तापली होती. मग ओली. मग पाणी घोट्यांना… कोमट, लोकांच्या अंगाने कोमट केलेलं, तरी पाणी. कपडे जड होऊन पोटऱ्यांना चिकटले. शेजारच्या छत्रीखालची म्हातारी मान उंचावून बघत होती.

‘आई! आई, अगं कुठे? पडशील!’ मुलगा पाणी उडवत पळत आला. ‘थांब, धरतो मी. काय झालं? शॉवर तिकडे आहे!’

‘हे घे.’

‘काय?’

‘किल्ली.’

‘अगं, मी पाण्यात आहे, भिजली तर गाडी चालू नाही होणार!’

‘मग बाहेर हो.’

त्याने किल्ली घेतली. मग खरोखरच मागे सरला, एकेक पाऊल, किल्ली डोक्याच्या वर धरून; रबरी मासा त्याच्या कानापाशी लोंबत होता. मागे सून तोंडावर हात ठेवून हसत होती, आणि हसताना एकटक हिच्याकडेच बघत होती.

मांडीइतक्या पाण्यात ती थांबली. तळ सपाट होता, लबाड तळ, पण पुढे उतार लागत असणार. पायाच्या अंगठ्याला गारव्याची एक बारीक धार लागली, खालून येणारी. तिने भिंगरीला पाण्यावर आडवी केली आणि तिच्या पाठीखाली तळहात सरकवला. पोर ताठ. मणक्याचे मणी हाताला मोजता यावेत इतके टोचत होते.

‘डोळे उघडे ठेव. वर बघ. गुडघे विसर, ते आपले आपण राहतात. मान… मानेचं ओझं माझ्याकडे दे. अगं, भांडतेस कुणाशी? गादीवर पडलं की गादीशी कुणी भांडतं का?’

काठावरून मुलगा ओरडला. ‘आई! अगदी बाबांसारखं म्हणालीस! शब्द न् शब्द बाबांचा!’ त्याचा आवाज चिरकला. एका हातात किल्ली वर धरलेली, दुसऱ्या हाताच्या पंजाने डोळे पुसत होता एवढा मोठा बाप्या, चारचौघांत. त्याच्या डोळ्यांसमोर आत्ता कोण उभं होतं ते तिला दिसत होतं — कमरेइतक्या पाण्यात, मिशीतून पाणी गळणारं, खोल पाणी सोडून दिलेलं.

तिने तोंड उघडलं.

आणि तेवढ्यात तळहातावरचं काहीतरी हललं, म्हणजे हलायचं थांबलं. मणी बुडाले. पोर जड होती ती एकदम नुसती रुंद झाली, केस पाण्यात पसरले, कान पाण्याखाली गेले.

‘आजी,’ भिंगरी आकाशाकडे बघत म्हणाली, पाण्यात कान असलेलं माणूस बोलतं तशी, जास्तच मोठ्याने, ‘तुला पण आजोबांनीच शिकवलं?’

काठापर्यंत ऐकू गेलं. मुलाचा डोळ्यांवरचा हात खाली आला. सून हसायची थांबली.

राग होता, तसाच होता. पण इतकी वर्षं तो वाळूवर ठाण मांडून बसलेला, आज तोही तिच्याबरोबर उतरला होता आणि त्याचे पाय तळाला लागत नव्हते.

अहो… नाही. अरे. अरे, ऐकतोस का? शटर ओढलेलं नाही, लख्ख उजेड आहे, माणसं बघतायत, तरी अरेच म्हणतेय मी. तुझी नात विचारतेय. इतकी वर्षं तुला कमरेइतक्या पाण्यात उभा करून ठेवलाय, मी ठेवलाय, काठावर बसून, हाताने धरल्यासारखा… आता हात एकच आहे आणि त्यावर ही पोर आहे. सोडू का तुला? तिकडे तुझा मुलगा उभा आहे, मला त्याच्या तोंडाकडे बघवत नाही. कात्रीचं सांगितलंस, तेव्हा हेच म्हणायचं होतं का तुला, कापून मोकळी हो म्हणून? की खरंच कात्रीच? बोल ना… नाकात कापूस गेलाय का?

‘आजी? ऐकू नाही आलं?’

‘आलं,’ ती म्हणाली. ‘मान सैल ठेव.’

दोरीच्या पलीकडे पाण्याचा रंग बदलत होता. पलीकडच्या काठावर काय होतं, झाडं की घरं, तिने पाहिलं नाही. ती पाण्याकडे बघत होती, आणि तोंडातली ती जुनी सुपारी जिभेने एका गालातून दुसऱ्या गालात लोटत होती.